बुंध्याचा टिळा

३ जानेवारी १९९५, जळगाव

प्लायवूडचा एजंट दर वर्षी डायरी देतो आणि दर वर्षी ती कमल घेते. तिच्यात लोणच्याचं मीठ, कुरडयांचे गहू असली मापं लिहिते. यंदा मी म्हटलं, ही माझी. ती म्हणाली, तुम्ही काय लिहिणार? म्हटलं, चुका. माझ्या नाही, यंत्राच्या.

झालं असं की आमच्या कुमुदनं मिलमध्ये कॉम्प्युटर आणून ठेवलाय. पोरगी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली, पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आली आणि म्हणे त्यांनी घेतलं नाही. मग घरी बसून काय करायचं, तर बापाच्या डोक्यावर कॅमेरा बसवायचा. कॅमेरा जुना आहे, मुंबईत कुठल्याशा दुकानात चोरांवर पाळत ठेवत होता. आता आमच्या ओंडक्यांवर ठेवणार. ओंडक्याच्या तोंडाचं चित्र घ्यायचं, ते कॉम्प्युटरनं तपासायचं आणि सांगायचं की ओंडका कुठल्या अंगावर झोपवा, पहिला काप कुठून घ्या.

हे सांगायला नशिराबाद रोडच्या विश्वकर्मा सॉ मिलमध्ये आजवर एकच यंत्र होतं. त्याचं नाव लोटन वना सुतार.

ओंडका ट्रॉलीवर चढला की मी त्याच्या तोंडाशी उभा राहतो. गाभा मधोमध आहे की सरकलाय, चीर कुठून कुठे गेलीय, बाक कुठल्या बाजूला आहे, ते बघतो आणि हातानं दाखवतो, इतका फिरवा. झुलाल पहार लावून फिरवतो. चुकीच्या अंगावर झोपवला तर चांगल्या सागाचं सरपण होतं. आणि दुसरं काम याहून मोठं. बुंधा कुठला, शेंडा कुठला, ते ठरवून बुंध्याच्या तोंडाला गेरूचा टिळा लावायचा. झाड रानात जसं उभं होतं तसंच ते चौकटीत उभं राहिलं पाहिजे, बुंधा खाली, शेंडा वर. उलट्या लाकडाची चौकट कुणी जाणूनबुजून दाराला लावत नाही. पण रंधा मारलेलं लाकूड बघून घरमालकाला काय कळणार? त्यामुळे सगळं टिळा लावणाऱ्यावर असतं. आमचे बाबा सोनगीरला बैलगाड्या करायचे. गेरूची पितळी वाटी त्यांची. जळगावात लोक माझ्याकडची पावती नीट बघत नाहीत, टिळा बघतात.

कुमुदला सांगून ठेवलंय, ज्या दिवशी तुझा कॅमेरा बरोबर आणि मी चूक निघेन, त्या दिवशी ही वाटी मी खाली ठेवीन. ती हसली नाही. हल्लीच्या पोरांना थट्टा कळत नाही.

९ जानेवारी

पहिली चूक. जंगल खात्याच्या डेपोतून आलेल्या ओंडक्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला असतो. कॉम्प्युटरनं त्या नंबरातल्या सातलाच चीर समजून ओंडका आडवा करायला सांगितलं. झुलाल पहारीवर टेकून बघत होता. म्हणाला, "भाऊ, यानापेक्षा मनी म्हैस शानी शे." मिलमध्ये सगळे हसले. झुलाल सोनगीरचाच, माझ्या बरोबरीचा. बाबांच्या हाताखाली आम्ही दोघांनी एकत्र मार खाल्लाय, म्हणून तो मला मालक वगैरे म्हणत नाही.

कुमुद चिडली नाही. मला विचारते, "नाना, तुम्ही ओंडका बघता तेव्हा आधी काय बघता?"

मला सांगताच येईना. म्हटलं, "आधी सगळं बघतो."

"सगळं एकदम दिसतं?"

"हो मग."

"अजूनही?"

काय प्रश्न आहे. म्हटलं, तुझ्या यंत्राला विचार.

१७ जानेवारी

मिलमध्ये मोठे बल्ब लावायला सांगितले. वायरमन म्हणतो, भाऊ, हे मोठेच आहेत. मग व्होल्टेज कमी असेल. या डायरीच्या रेघासुद्धा यंदा फिक्या छापल्यात, माझी ओळ खाली घसरते. कुमुदनं जाड काळं पेन आणून दिलं, त्यानं लिहितोय. ते बरं आहे.

अंगणात घमेल्याला अडखळून गुडघा फोडून घेतला. कमलला म्हटलं, वाटेत कशाला ठेवलंस? ती म्हणाली, ते रोज तिथेच असतं. मग आज मलाच बरं आडवं आलं. घरात शिस्त नाही.

२८ जानेवारी

कुमुदचा नवा खेळ. मला खुर्चीत बसवलं, समोर बसली आणि म्हणाली, माझ्या नाकाकडे बघायचं, डोळे हलवायचे नाहीत. मग दोन्ही हात आपल्या कानांच्या बाजूला धरले आणि बोटं हलवली म्हणे. "किती बोटं, नाना?" मी म्हटलं, तू हलवशील तेव्हा सांगीन. ती हात जवळ जवळ आणत गेली. अगदी गालांपाशी आले तेव्हा मी म्हटलं, दोन. कमल दारात उभी होती, ती आत निघून गेली.

विचारलं, हे कशासाठी? म्हणाली, कॅमेरा किती रुंद बसवायचा ते ठरवायचं होतं. तर तसं आधी सांगायचं, मी नीट बसलो असतो.

५ फेब्रुवारी

यंत्र सुधारतंय. लिहायला जड जातं, पण डायरीत खोटं लिहायचं असतं तर डायरी कशाला घेतली. आता ते नंबराला फसत नाही. चित्र काळं-पांढरं येतं. ओंडक्याच्या कडेभोवती पांढरी रेघ फिरते, गाभ्यावर फुली पडते, चिरेवर आणखी एक रेघ येते आणि खाली लिहून येतं, उजवीकडे एवढा फिरवा. दोन्ही तोंडांची चित्रं शेजारी शेजारी ठेवून बुंधा कुठला तेही सांगतं. आज आठ ओंडके लावले. आठहीवर यंत्र आणि टिळा एकाच बाजूला. म्हणजे माझंच शिकलंय ते.

एक नवल लिहायचं राहिलं. पडद्यावर ओंडक्याचं तोंड बघितलं आणि मला फार बरं वाटलं. आख्खं गोल, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका नजरेत. ट्रॉलीपाशी उभा राहिलो की हल्ली आधी गाभा दिसतो, मग मान फिरवली की साल दिसते, मग खाली बघितलं की चीर, आणि तोवर साल कुठे होती ते विसरतो. मला वाटलं ओंडकेच जाड यायला लागले. टेप लावून बघितली, तसं काही नाही.

कुमुदला हे सांगितलं. ती स्क्रू पिळत होती, ती तशीच थांबली. मग म्हणाली, "नाना, पडदा तुमच्या उभं राहायच्या जागी आणून ठेवू?" म्हटलं, ठेव, माझं काय जातंय.

पुण्याच्या त्या कंपनीचा परत फोन आला होता, कमल सांगत होती. ज्यांना घ्यायचं नाही ते फोन कशाला करतात?

१२ फेब्रुवारी

झुलाल म्हातारा झाला. मी टिळा लावून पुढच्या ओंडक्याकडे वळतो, तर हा खांद्यावरचं ओलं फडकं घेऊन ओंडक्याची तोंडं पुसत बसतो. कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. विचारलं तर म्हणे, "धूळ शे भाऊ, पुसी टाकस. तू पुढे चाल." तीस वर्षं धुळीसकट लाकूड कापलं, आता याला स्वच्छता सुचली. कुमुदही त्याला बोलत नाही, उलट तो पुसतो तेव्हा माझ्याशी मुद्दाम दुसरंच काहीतरी काढते. दोघांनी मिळून कामाचा खोळंबा लावलाय.

२२ फेब्रुवारी

आज मोठं वाईट झालं असतं.

करवतीच्या पट्ट्याकडे जात होतो. डावीकडून भरलेली ट्रॉली आली. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. झुलालनं मागून कॉलर धरून ओढलं, आम्ही दोघं भुशात पडलो आणि ट्रॉली माझ्या चपलेवरून गेली. चप्पल राहिली तिथेच, दोन तुकडे झाले तिचे.

मी ट्रॉलीवाल्यावर तोंड सोडलं. म्हटलं, घंटी का नाही दिलीस? तो म्हणाला, दिली. बाकीचेही म्हणाले, दिली. सगळे एकमेकांना सामील. घंटी वाजली असेलही, पण दिवसभर वाजते ती, कुणासाठी ते माणसानं कसं ओळखायचं? ट्रॉली दिसायला नको का?

कमलनं शर्टाची कॉलर शिवली. एक शब्द विचारला नाही. एरवी बटण तुटलं तरी विचारते.

कुमुदनं फरशीवर पिवळा पट्टा ओढला. म्हणाली, नाना, या पट्ट्याच्या आत उभं राहायचं, पडदा समोर आहे, तिथूनच सांगायचं. मोठ्या कारखान्यांत म्हणे असंच असतं. माझी मिल आणि मलाच कुंपण.

६ मार्च

उत्तमचंद आला होता. कापडाचा व्यापारी, तरुणपणी आम्ही दोघं एकाच चाळीत खोल्या घेऊन जळगावात आलो, तेव्हापासून रोज संध्याकाळचा चहा एकमेकांकडे. पिंप्राळ्याला बंगला बांधतोय. पाडव्याला मुख्य दाराची चौकट उभी करायचा मुहूर्त आहे.

"लोटनभाऊ, लाकूड तुझ्या हातचं पाहिजे. आईनं निरोप दिलाय, टिळा बघूनच घे."

म्हटलं, "तुझ्या आईनं सांगितलं म्हणून देतो. तुला दिलं नसतं, तू कापड मोजताना अंगठा आत घेतोस."

सूरजबाई म्हणजे त्याची आई, नव्वदीच्या घरात. लग्न होऊन मारवाडातून इथे आली आणि अजून मला लोटन्या म्हणते. तिच्यासाठी डेपोतून सातपुड्याचा एक साग निवडलाय. सरळसोट. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडी इतकी सारखी की बुंधा-शेंडा ओळखणं म्हणजे परीक्षाच. अशा लाकडावर माणसाची पारख होते. कुमुदचं यंत्र इथे गडबडेल बघा.

१८ मार्च

सगळं आजच जुळून यायचं होतं. झुलालच्या भाचीचं सोनगीरला लग्न, तो काल संध्याकाळीच गेला. कुमुदच्या कॉम्प्युटरमधलं एक कार्ड बिघडायला लागलंय, ते आणायला तिला आज पुण्याची गाडी पकडायची होती. ती निघायच्या आधी मी उत्तमचा साग ट्रॉलीवर घेतला. दोन्ही टोकांना दोनदा गेलो. हाताच्या वितींनी मोजलं. थोडा वेळ लागला, तो लागतोच. मग बाबांचं नाव घेतलं आणि टिळा लावला.

कुमुदनं दोन्ही तोंडांची चित्रं घेतली आणि दिवे गेले. कॉम्प्युटर छोट्या बॅटरीवर जेमतेम चित्रं साठवून बंद पडला. बुंधा कुठला ते त्यानं सांगायच्या आतच. मी म्हटलं, बघ, तुझ्या यंत्राला परीक्षेतून सुटका मिळाली. ती रिक्षात बसता बसता म्हणाली, "नाना, झुलालकाका येईपर्यंत हा कापू नका ना." म्हटलं, का? तो काय मुहूर्त काढणार आहे? ती काहीतरी बोलणार होती, पण रिक्षावाला घाई करत होता.

१९ मार्च

साग कापला. आत गुळाच्या रंगाचं लाकूड निघालं, एक गाठ नाही. चौकटीचे दोन्ही उभे खांब एकाच पोटातून घेतले आणि सुताराकडे पाठवले. टिळा बघून खालची बाजू धर, असं सांगून. फार दिवसांनी इतकं छान वाटलं. कुणी फडकं घेऊन मधे आलं नाही.

१ एप्रिल, पाडवा

उत्तमची चौकट उभी राहिली. सूरजबाईनं उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं, चौकटीच्या खांबांना हात लावून कपाळाला लावला. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "लोटन्या, तेरे बाप का हाथ है तेरे हाथ में." बाबा असते तर आज काय वाटलं असतं त्यांना. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

निघताना पायरी दिसली नाही, उत्तमनं धरलं. नवी पायरी, सवय नसते.

३ एप्रिल

कुमुद पुण्याहून आली. कार्ड मिळायला वेळ लागला, मावशीकडे राहिली होती. आल्या आल्या विचारलं, "उत्तमकाकांचा साग कुठे आहे?" म्हटलं, दारात उभा आहे. तिनं नवीन कार्ड बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला, काहीतरी बघितलं आणि जेवली नाही. पुण्याचं पाणी बाधलं असणार. झुलालला बाजूला घेऊन बोलत होती. माझ्याकडे मात्र दोघंही बघेनात.

९ एप्रिल

आज जे झालं ते लिहायचं की नाही, यावर बराच वेळ बसलो. लिहितो.

उत्तमचंद चहाला आला आणि म्हणाला, तुझ्या टीव्हीत आमचं लाकूड दाखव, घरी जाऊन आईला सांगतो. मी कुमुदला हाक मारली. ती म्हणाली, "काका, ते चित्र पुसलं गेलं असेल." म्हटलं, तूच सांगतेस की यात काही पुसलं जात नाही. शोध. ती बसली. एवढी टायपिंगला चपळ पोरगी, एकेक बटण शोधून दाबत होती.

पडद्यावर दोन गोल आले, शेजारी शेजारी. मी पिवळ्या पट्ट्याच्या आत माझ्या जागेवर उभा होतो. दोन्ही आख्खे दिसले. विचार करावाच लागला नाही. डावीकडचं तोंड थोडं रुंद, वर्षांच्या कड्या जास्त, साल मुळाकडे फाकते तशी एका बाजूला फाकलेली. तो बुंधा. उजवीकडचं लहान, तो शेंडा. आणि गेरूचा डाग, चित्रात काळा दिसतो तो, उजवीकडे.

उत्तम म्हणाला, "वा, काय स्वच्छ फोटो आहे." त्याला त्यात दोन गोल चकत्यांपलीकडे काय दिसणार. मी चहा घेतला. तो काय बोलला आणि मी काय बोललो, काही आठवत नाही.

तो गेल्यावर कुमुद म्हणाली, "नाना, त्यानं घर पडत नाही. कुणाला कळणार पण नाही."

म्हटलं, "मला कळलं ना."

पितळी वाटी उचलली आणि कॉम्प्युटरच्या टेबलावर नेऊन ठेवली. शब्द दिला होता. उत्तमला मात्र काही सांगितलं नाही.

१० एप्रिल

आज कुमुदला म्हटलं, आधीची सगळी चित्रं काढ. जानेवारीपासूनची.

ती प्रत्येक ओंडक्याची दोनदा चित्रं घेते, माझा टिळा झाल्यावर आणि कापायच्या आधी. बऱ्याच ओंडक्यांत टिळा दोन्ही वेळा एकाच टोकाला. पण काहींत तो पहिल्या चित्रात एका तोंडाला आणि दुसऱ्या चित्रात दुसऱ्या तोंडाला. आणि आधी जिथे होता तिथे ओला डाग. फडक्याचा.

आठपैकी आठ जुळले म्हणून मी फुशारकी मारली होती, ते आठही काढून बघितले. तिथेही ओले डाग आहेत.

झुलालला बोलावलं. विचारलं, कधीपासून? तो खाली बघत म्हणाला, "पोळापासून." म्हणजे कॅमेरा यायच्या कितीतरी आधी. मग मी त्याला नाही नाही ते बोललो. लबाड म्हटलं, चोर म्हटलं. माझ्या मिलमध्ये माझ्या पाठीमागे माझी खूण पुसतोस म्हटलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "तुना हातना टिळा शे, भाऊ. गावमा तो खोटा पडू द्यू का?" आणि पहार घेऊन कामाला गेला.

मी कुमुदकडे वळलो. म्हटलं, आणि तू? हे सगळं मला हरवायला उभारलंस ना?

ती म्हणाली, "हरवायला नाही, नाना. तुम्हाला कडेचं दिसत नाही. फक्त मधलं दिसतं. दिवाळीत तुम्ही चहा बशीच्या बाहेर ओतलात तेव्हा माझ्या लक्षात आलं. डॉक्टरचं नाव काढलं की तुम्ही उठून जायचात. मोठी वस्तू लहान करून समोर ठेवली तर ती तुम्हाला पूर्ण दिसेल, एवढं मला कळत होतं. म्हणून पडदा."

घमेलं. पायरी. ट्रॉली. डायरीची मागची पानं वाचली आणि लाज वाटली. सगळं मीच माझ्या हातानं लिहून ठेवलंय.

पुण्याच्या कंपनीचं विचारलं. म्हणाली, "ते झालं आता." त्यांनी घेतलं होतं तिला. मी बाप असून मला ते आज कळतंय.

१३ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालायला लावलं. समोर बघा आणि कडेला उजेड लुकलुकला की बटण दाबा. मी वाट बघत बसलो. मला वाटलं यंत्र सुरूच झालं नाही. मग त्यांनी माझ्या नजरेचं चित्र कागदावर काढून दाखवलं. बाहेर सगळं काळं, मधे लहानसं पांढरं.

काचबिंदू. गेलं ते परत येत नाही म्हणाले. राहिलंय ते थेंब घालून राखायचं, रोज, न चुकता. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? डॉक्टर भले, त्यांनी थेंबांची बाटली माझ्या हातात ठेवली.

घरी येऊन कमलजवळ रडलो. ती म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही. मी म्हटलं, मला वाटायचं तुम्ही सगळे वाटेत सामान ठेवता. मग ती रडता रडता हसली.

१६ एप्रिल

पिंप्राळ्याला गेलो. कुमुदला स्कूटर चालवायला लावली. उत्तमच्या दाराशी उभा राहिलो, आत गेलो नाही. तो म्हणाला, आत ये. म्हटलं, नाही, आधी ऐक. तुझी चौकट उलटी आहे. शेंडा खाली गेलाय. टिळा मीच चुकीच्या टोकाला लावला. मला डोळ्यांनी धड दिसत नाही.

त्याचा आवाज चढला. "आईनं या चौकटीची पूजा केलीय, लोटन. लागलेली चौकट उपटायची म्हणजे काय, माहीत आहे तुला? नसतं सांगितलंस तर काय बिघडत होतं?"

म्हटलं, "मग मी तुझ्याकडे चहाला कसा आलो असतो? याच दारातून यायचंय ना मला."

तो म्हणाला, "आता दुसऱ्या मिलमधून आणतो. राग मानू नकोस." मी म्हटलं, आण. तुझा हक्क आहे.

आमचं बोलणं सूरजबाईनं आतून ऐकलं होतं. काठी टेकत आली. चौकटीच्या खांबावर खालून वर हात फिरवला, जणू तापलेल्या पोराच्या पाठीवरून. मग उत्तमला म्हणाली, "दुसऱ्याची कशाला? त्याचं चुकलं तर तो येऊन सांगेल का?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आखाजीच्या मुहूर्तावर नवीसाठी लाकूड काप. मी वाट बघते."



२ मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सकाळी कमलनं मांड्यांचं पीठ भिजवलं आणि म्हणाली, आधी मिलमध्ये जाऊन या, मग जेवण. गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या.

उत्तमच्या चौकटीचा नवा साग ट्रॉलीवर चढवला होता. मी पिवळ्या पट्ट्याच्या आत उभा राहिलो. कुमुदनं एका तोंडाचं चित्र घेतलं, मग दुसऱ्याचं. दोन गोल पडद्यावर आले. कॉम्प्युटर अजून गणित करत होता, तोवर मी म्हटलं, करवतीकडचं टोक बुंधा. चीर उभी घ्यायची, उजवीकडे थोडं फिरवा. झुलालनं फिरवलं. मग यंत्राचं उत्तर आलं, तेच आलं. कुमुदनं माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरची वाटी उचलून पुढे धरली.

म्हटलं, ती मी खाली ठेवलीय.

म्हणाली, "कॅमेरा फक्त दाखवतो, नाना. टिळा लावायला त्याला हात नाहीत."

मी वाटी घेतली. झुलालनं माझा दंड धरला आणि ट्रॉलीच्या बाजूनं चालवत नेलं. त्याला चोर म्हटलं त्या दिवसानंतर आम्ही कामापुरतं बोलत होतो. मी माफी मागितली नव्हती, मागायला जमत नव्हतं. ओंडक्याच्या तोंडाला हात लावला, गाभा चाचपला आणि त्याच्या खाली टिळा लावला. मग त्याला विचारलं. सोनगीरला बाबांच्या पडवीत शिकत होतो तेव्हापासून मी हे कुणाला विचारलं नव्हतं.

"झुलाल, बरोबर शे का?"

"शे, भाऊ."

तो खरं सांगतोय की माझं मन राखतोय, हे मला त्याच्या आवाजावरून कळेना. मी हात पुढे करून त्याच्या खांद्यावरचं फडकं चाचपून बघितलं. ते कोरडं होतं.